रत्नागिरीत एकच दिवस असेल तर समुद्र पाहावा की जुनी ठिकाणं?

सकाळी स्टेशनवर उतरून रात्रीच्या गाडीने परत जायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी याच गावात वाढले, म्हणून ठामपणे सांगते: पहिल्यांदा थिबा राजवाड्यात जा. त्या वास्तूत उभं राहिलं की या समुद्राकडे बघायची नजरच बदलते.

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य इंग्रजांनी 1885 मध्ये घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासकट इथे आणून ठेवलं. तेव्हा रेल्वे नव्हती. यायचं ते बोटीने, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. कैद्याला ठेवायला समुद्राइतकी भक्कम भिंत कुठली? राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये आणि राजा 1916 मध्ये वारला. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली जेमतेम सहा वर्षं त्याने या राजवाड्यात काढली. इथली जुनी माणसं सांगतात, राजा दुर्बीण लावून जाणारी-येणारी गलबतं न्याहाळत बसायचा. अर्धगोल नक्षीदार लाकडी खिडक्यांपाशी थोडं थांबा, मग जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी बघा. शिवाजीनगरात त्याची समाधी आहे, शेजारी धाकट्या राणीची. तिथे फारसं कुणी जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही नक्की जा.

सावरकरांनाही इंग्रजांनी 1924 ते 1937 याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं होतं. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर (1931) त्याच काळातलं. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, तेही जाताजाता होईल.

दुपारी पोटभर मासे खा आणि ऊन कललं की रत्नदुर्ग गाठा. भगवतीचं दर्शन घेऊन तटावर चढा. एका अंगाला मिरकरवाडा बंदर आणि पांढरा समुद्र नावाचा किनारा, दुसऱ्या अंगाला मांडवीची काळी वाळू. लहानपणी आम्ही दोऱ्याला चुंबक बांधून ती वाळू ढवळायचो. बाहेर काढलं की चुंबकाला काळी लव फुटल्यासारखी दिसायची. वाळूत लोहयुक्त खनिजं आहेत ना, म्हणून! मुलं बरोबर असतील तर चुंबक आठवणीने आणा.

जून-जुलैत येऊ नका असं मी म्हणणार नाही, पण तेव्हा मासेमारी बंद असते, बंदरातली लगबग दिसणार नाही. आणि स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षाचा वेळ धरूनच गडावरून उतरा.