दंगली आणि विषमता रोखणारी धोरणं असतात का? असतात, पण दिसायला फार बोअर असतात

प्रश्न असा विचारलाय की जगात युद्धं, दंगली होऊ नयेत आणि गरीब-श्रीमंत दरी कमी व्हावी म्हणून सरकारं नेमकं काय करतात, त्यातलं काही खरंच चालतं का सगळं यूएनच्या कागदावरच असतं, आणि एकच धोरण निवडायचं झालं तर कुठलं निवडाल.

चालतं. फक्त जे चालतं ते टीव्हीवर दाखवण्यासारखं नसतं. घरवाटपाची यादी, पोलीस भरती, जमिनीचा उतारा, बजेटमधला जिल्ह्याचा वाटा, असलं रुक्ष काहीतरी असतं. मी नाशिकला स्पर्धा परीक्षेचा क्लास घेतो, पोरं या टॉपिकवर "सर्वसमावेशक विकास" आणि "शाश्वत शांतता" हे दोन शब्द इकडून तिकडे फिरवत पानभर लिहितात आणि ती पानं मलाच तपासावी लागतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, नुसती गरिबी असली की लोक एकमेकांच्या उरावर बसतात असं नाहीये. गरिबी सगळ्यांच्याच वाट्याला आली तर माणूस नशिबाला बोल लावतो नाहीतर मुंबई-पुणं गाठतो. पण दरवेळी एकाच जातीच्या, एकाच धर्माच्या नाहीतर एकाच भाषेच्या लोकांचं नाव यादीतून गळतंय असं दिसायला लागलं आणि तक्रार घेऊन जायला दारच नसलं की मग गाडी घसरते. ऑक्सफर्डच्या अर्थतज्ज्ञ फ्रान्सिस स्ट्युअर्ट यांनी यावर कितीतरी वर्षं काम केलंय, त्यांचं म्हणणं हेच की माणसामाणसातल्या दरीपेक्षा गटागटातली दरी जास्त धोक्याची.

याचं माझं आवडतं उदाहरण नॉर्दर्न आयर्लंडचं. तिथे १९६० च्या दशकात कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, घरं वाटायचं काम स्थानिक पुढाऱ्यांच्या हातात होतं, आणि स्थानिक निवडणुकीत मत कुणाला, तर घराच्या मालकाला किंवा भाडेकरूला आणि त्याच्या बायकोला. म्हणजे घर दिलं की मत दिलं, कॅथलिक कुटुंबांना घरं जास्त दिली तर पुढच्या निवडणुकीत आपली खुर्ची जाते हे प्रोटेस्टंट युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनसोबतच राहायचं म्हणणाऱ्या, पुढाऱ्यांना पक्कं माहीत. जून १९६८ मध्ये कॅलेडन नावाच्या छोट्याशा गावात लहान लेकरांचं एक कॅथलिक कुटुंब घरातून बाहेर काढलं आणि शेजारचंच नवं घर दिलं १९ वर्षांच्या एका अविवाहित मुलीला, जी एका युनियनिस्ट राजकारणी वकिलाची सेक्रेटरी होती. ऑस्टिन करी नावाचा तिथला आमदार त्या घरात जाऊन बसला, पोलिसांनी त्याला ओढून काढलं, मग मोर्चे सुरू झाले, ऑक्टोबरात डेरी शहरात मोर्च्यावर लाठ्या चालल्या, आणि पुढची तीसेक वर्षं साडेतीन हजारांवर माणसं मेली. सगळं एका घरामुळे झालं असं मी म्हणत नाही, इतिहास त्याच्या कितीतरी मागे जातो, पण ठिणगी कुठे पडली बघा. घरवाटपाच्या यादीवर.

आणि मिटलं कसं तेही बघण्यासारखं आहे. १९९८ चा गुड फ्रायडे शांतता करार सगळ्यांना पाठ असतो, पण त्याच्या आधी २७ वर्षं, १९७१ मध्ये, घरवाटप पुढाऱ्यांच्या हातून काढून एका स्वतंत्र संस्थेकडे दिलं होतं, गरजेप्रमाणे गुण आणि गुणांप्रमाणे घर. १९८९ च्या कायद्याने कंपन्यांवर सक्ती आली की तुमच्याकडे कॅथलिक किती आणि प्रोटेस्टंट किती कामाला आहेत ते दरवर्षी लिहून द्या. करारानंतर पोलीस दलच नव्याने उभं केलं, जुन्या दलात कॅथलिक जेमतेम ८ टक्के होते, मग २००१ ते २०११ अशी दहा वर्षं भरती निम्मी-निम्मी केली आणि आकडा ३० टक्क्यांच्या आसपास गेला. आता आपल्या वस्तीत आपल्यातलाच पोलीस दिसतो तेव्हा लोक त्याला फोन करतात, दगड मारत नाहीत, एवढं साधं आहे ते. सगळं गोड झालं असंही नाही हं, बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत आणि बहुतेक मुलं अजूनही वेगवेगळ्या शाळेत जातात.

मलेशियात १३ मे १९६९ ला मलय आणि चिनी लोकांत दंगल पेटली, त्यानंतर १९७१ ला त्यांनी नवं आर्थिक धोरण आणलं, मलय लोकांना शिक्षण, नोकऱ्या, कंपन्यांचे शेअर. १९७० ला अर्ध्याच्या आसपास लोक गरीब होते, १९९० पर्यंत ते प्रमाण १७ टक्क्यांच्या घरात आलं आणि तेवढी मोठी दंगल परत झाली नाही. पण कंत्राटं पुढाऱ्यांच्या जवळच्या लोकांनीच लाटली, गरीब मलय मागेच राहिला, आणि चिनी-भारतीय वंशाचे शिकलेले लोक देश सोडून गेले. श्रीलंकेने उलटं करून दाखवलं, १९५६ ला फक्त सिंहली ही राजभाषा, सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशात तमिळ मुलांना जास्त मार्कांची अट, आणि १९८३ पासून २००९ पर्यंतच्या यादवी युद्धात काय झालं ते सगळ्यांना माहितीये.

आता पैशाचं. आफ्रिकेतल्या ४१ देशांचा १९८१ ते १९९९ चा डेटा घेऊन एक गाजलेला अभ्यास झालाय, त्यात दिसलं की पाऊस पडला नाही, त्यामुळे आर्थिक वाढ ५ टक्क्यांनी घसरली, की पुढच्या वर्षी यादवी होण्याची शक्यता जवळपास दीडपट होते. पाऊस गेला, काम गेलं, आणि बंदूकवाला म्हणतो ये माझ्याकडे, जेवण देतो. यावर उपाय काय, तर त्या वर्षी हाताला काम. आणि हे औषध महाराष्ट्राचं आहे राव! वि. स. पागेंनी मांडलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला, देशभर तसा कायदा यायला २००५ उजाडलं. तो देशात लागू झाल्यावर पाऊस गेला की माओवादी हिंसा वाढते हा आधी दिसणारा संबंध बराच सैल झाला असं अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसलंय. आणि पैसा कुठून आला? तुमच्या सॅलरी स्लिपवर पीटी म्हणून दर महिन्याला जे साधारण २०० रुपये कापतात ना, तो व्यवसाय कर १९७५ ला मुळात रोजगार हमीसाठीच लावला. शहरातल्या पगारातून गावातल्या दगडफोडीची मजुरी, विषमता कमी करणं यापेक्षा वेगळं काय असतं. आमच्या नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कंपन्यांतली निम्मी माणसं तो आकडा बघून वैतागतात पण कशासाठी कापतात ते कुणी सांगत नाही त्यांना.

पण पैसे वाटले की भांडण मिटतं असं समजू नका. इथलंच घ्या, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, २ मार्च १९३० ला सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारखी माणसं वर्षानुवर्षं त्यात होती, त्यात कुणी मजुरी मागत नव्हतं. दरवाजा उघडा एवढंच म्हणत होते, तो उघडला नाही, आणि ऑक्टोबर १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. मान आणि सत्तेतला वाटा याला सबसिडीचा पर्याय नसतो.

केनियाने हे फार मार खाऊन शिकलं. २००७ च्या निवडणुकीनंतर हजारावर माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास बेघर झाली, कारण ज्याचा राष्ट्राध्यक्ष त्याच्याच जमातीला रस्ते, नोकऱ्या, जमिनी, म्हणजे निवडणूक हरणं म्हणजे पाच वर्षं उपाशी. यूएनचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मध्यस्थी केली आणि २०१० च्या नव्या घटनेने ४७ काउंटी केल्या, त्यांना महसुलातला किमान १५ टक्के वाटा घटनेनेच बांधून दिला. आता वरचं पद हरलं तरी आपल्या काउंटीत काहीतरी हाताला लागतं. भ्रष्टाचारही तेवढाच खाली उतरला असं तिथलेच लोक म्हणतात, ते सोडा.

त्याच केनियात वजीर नावाचा कोरडा जिल्हा आहे, तिथे १९९० च्या दशकात सोमाली कुळांमध्ये मारामाऱ्या चालायच्या, इतक्या की या कुळाच्या बाईने त्या कुळाच्या बाईला बाजारात दूध विकायचं नाही. डेका इब्राहिम आणि आणखी काही बायकांनी सुरुवात कुठून केली तर बाजारापासून, कुठल्याही कुळाची बाई बसली तरी तिला विकू द्यायचं आणि त्यावर लक्ष ठेवायला बायकाच नेमल्या. मग म्हातारे, मग तरुण पोरं, मग सरकारी अधिकारी, असं करत शांतता समिती झाली. आपल्याकडे भिवंडीत सुरेश खोपडेंनी पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला कमिट्या केल्या ते हेच काम, १९८४ ला पेटलेली भिवंडी ९२-९३ ला मुंबई जळत असताना शांत राहिली. अशा कमिट्यांचा खर्च काय, चहा-बिस्किटं. पण अडचण अशी की साहेबाची बदली झाली की कमिटी गेली, म्हणून घानाने २०११ ला कायदाच करून राष्ट्रीय शांतता परिषद बसवली.

यूएनच्या कागदाचं म्हणाल तर एक कागद चांगला आहे, २०१८ चा यूएन आणि जागतिक बँकेचा संयुक्त अहवाल, त्यात हिशोब मांडलाय की संघर्ष आधीच रोखला तर वर्षाला ५०० ते ७,००० कोटी डॉलर वाचतात. आणि २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च झाला २.७ लाख कोटी डॉलर, यूएनच्या शांतिसेनेचं वर्षाचं बजेट साडेपाचशे कोटी डॉलरच्या आसपास. जे घडलंच नाही त्याचं श्रेय कुठला पुढारी घेणार, म्हणून रोखण्यावर खर्च होत नाही, आग लागली की मात्र सगळे बंब घेऊन धावतात. श्रीमंत देश उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत देणार असं १९७० मध्येच ठरलं होतं, देणारे देश बोटांवर मोजण्याइतके. मोठ्या कंपन्यांवर किमान १५ टक्के कर हे २०२१ ला १३० च्या वर देशांनी मान्य केलं, ते नीट लागू झालं तर गरीब देशांच्या हातात स्वतःचा पैसा येईल, पण तिथेही पळवाटा निघतायत.

एकच निवडायचं तर मी जमीन निवडेन. जमिनीचा कागद. मार्च २०१८ ला किसान लाँग मार्च आमच्या नाशिकच्या सीबीएस बस स्टँडवरूनच निघाला, मी क्लासला उशीर होतोय म्हणून चरफडत उभा, आणि समोरून सुरगाणा-पेठच्या म्हाताऱ्या बायका चालल्यात, पायात तुटक्या प्लॅस्टिकच्या चपला, डोक्यावर लाल टोपी. मुंबईपर्यंत १८० किलोमीटर. दहावीच्या पोरांचा पेपर आहे म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालले, एक काच फुटली नाही, सरकारने लेखी दिलं, लोक घरी आले. मोठी मागणी वनहक्काची, म्हणजे कसतो त्या वनजमिनीचा कागद. एरवी हीच माणसं द्राक्षाच्या हंगामात पहाटे गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभी असतात. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो की आदिवासी असाल आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर चार हेक्टरपर्यंत जमीन नवरा-बायको दोघांच्या नावे करा, गावसभेची समिती, मग प्रांताधिकाऱ्याची समिती, मग जिल्हा समिती. माझ्या क्लासमधल्या एका पोराच्या घरी कसतात चार एकर आणि कागदावर आले दहा गुंठे. का, ते कुणी लिहून दिलं नाही. २०१९ ला आणि २०२३ ला लोक परत चालायला निघाले ते उगाच नाही.

म्हणून माझं धोरण एवढंच, ज्या यादीतून काही मिळतं ती प्रत्येक यादी गावात लागली पाहिजे, नाव, किती मिळालं, नाकारलं तर का, आणि वर कुणाकडे जायचं. नवीन कायदाही लागत नाही त्याला. वनहक्काच्या नियमात आधीच लिहिलंय की दावा नाकारला तर कारण कळवायचं आणि त्यावर साठ दिवसांत अपील करता येतं. आता कारणाचं पत्रच त्या पोराच्या बापाला मिळालं नाही, तर साठ दिवस मोजायचे कुठल्या तारखेपासून?