नावं दिसतात, फोटो का उघडत नाहीत?

प्रश्न: लॅपटॉपवरचा बारशाच्या फोटोंचा फोल्डर चुकून डिलीट झाला, वर रिसायकल बिनही रिकामा केला. रिकव्हरी सॉफ्टवेअरमध्ये नावं दिसतायत, साईजपण बरोबर, पण एकही फोटो उघडत नाही. जुन्या हार्ड डिस्कवरून असंच गेलेलं सगळं परत मिळालं होतं. या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यावर वेगळं काय होतं? आणि लॅपटॉप विकायचाय, तर नुसतं डिलीट केलं की पुरे का?

उत्तर: जुन्या हार्ड डिस्कवर डिलीट म्हणजे फक्त "ही जागा मोकळी" अशी नोंद, डेटा तिथंच पडून असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. एसएसडीत हे चालत नाही, कारण तिथं लिहिलेल्यावर परत लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं आणि गंमत अशी की लिहायचं ते पेजमध्ये, म्हणजे साधारण 4 ते 16 केबी, पण पुसायचा मात्र अख्खा ब्लॉक, तो असतो काही एमबीचा. मुंबईतल्या चाळीच्या रिडेव्हलपमेंटसारखंच हे, भाडेकरू एकेक करून येतात पण पाडायची तर अख्खी इमारत, आणि आत दोन-चार बिऱ्हाडं उरली असतील तर आधी त्यांना दुसरीकडे हलवा. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिच्यातला सगळा कारभार बघणारी चिप, हेच काम गुपचूप बॅकग्राऊंडला करत असतो, त्याला गार्बेज कलेक्शन म्हणतात.

आता अडचण अशी की कुठली फाईल तुम्ही डिलीट केली हे एसएसडीला आपलं आपण कळत नाही, तिला फाईल-फोल्डर माहीतच नसतात. मग ती मेलेला डेटापण जिवंत समजून इकडून तिकडे हलवत बसणार, स्पीड जाणार, चिपही झिजणार. म्हणून ट्रिम नावाची कमांड आली, विंडोजमध्ये 2009 च्या विंडोज 7 पासून आहे. फाईल डिलीट झाली की विंडोज सांगतं, या जागेतलं आता नको. त्यानंतर तिथलं वाचायला गेलं की बहुतेक ड्राईव्ह सरळ शून्यं देतात, चिपवर डेटा प्रत्यक्षात पुसायचा बाकी असला तरी.

तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. नाव आणि साईज विंडोजच्या वेगळ्या टेबलात असतं, ते टेबल ट्रिम होत नाही, म्हणून यादी दिसते आणि आत सगळी शून्यं. (अगदी चिमुकली, काहीशे बाईटची टेक्स्ट फाईल त्या टेबलातच मावते, ती कधीकधी परत मिळते!) त्यामुळं महागडं सॉफ्टवेअर घेऊन पैसे घालवू नका, हे मी स्पष्टच सांगतो.

विकण्याबद्दल: नुसतं डिलीट नको. ट्रिम चालू असेल तर बरंचसं काम होतं, पण भरवसा नाही. आणि सात-सात वेळा ओव्हरराईट करणारी टूल्स एसएसडीवर जवळपास निरुपयोगी, कंट्रोलर नवीन डेटा दुसऱ्याच जागी लिहितो, जुना तिथंच राहू शकतो. ड्राईव्ह कंपनीच्या युटिलिटीतलं किंवा बायोसमधलं (लॅपटॉप सुरू होताना उघडतात त्या सेटिंग्ज) सिक्युअर इरेज, म्हणजे अख्खा ड्राईव्ह पुसायची सोय, वापरा. नवीन लॅपटॉपवर पहिल्या दिवशीच बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या ड्राईव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू करा, मग पुढं विकताना किल्ली नष्ट केली की झालं.

फोटोंसाठी एक आशा आहे. ते कॅमेऱ्यातून कॉपी केलेले असतील तर ते मेमरी कार्ड शोधा. कार्ड आणि पेनड्राईव्हला ट्रिम सहसा जात नाही, त्यामुळं नंतर फॉरमॅट केलेलं असलं तरी त्यावर नवीन शूटिंग झालं नसेल तर तेच सॉफ्टवेअर कार्डावर चालवून बघा, आणि सापडलेले फोटो कार्डावर नाही, दुसऱ्या डिस्कवर सेव्ह करा.