काठ ढासळतोय? आधी मोअर थांबवा

प्रश्न : ओंटारिओत स्टर्जन लेकवर आमची कॉटेज आहे. लॉन थेट पाण्याला भिडलेलं आहे आणि काठ दर वर्षी थोडा थोडा ढासळतो. काँक्रीटची भिंत बांधून घ्यावी का?

उत्तर : नको. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट जिरत नाही. ती खाली वळून पायथा उकरते आणि भिंत संपते तिथे शेजाऱ्याचा काठ खाते. मागच्या मातीत मुरलेलं पाणी हिवाळ्यात गोठून फुगतं आणि भिंतीला पुढे रेटतं. खरी गोम तुमच्या लॉनमध्येच आहे. त्या गवताची मुळं जेमतेम काही इंच जातात, त्याखालची माती लाटांसमोर उघडीच. शिवाय कापलेलं मोकळं गवत म्हणजे कॅनडा गूज या रानटी हंसांना वाढलेलं पानच!

काठालगतच्या निदान ३ मीटर पट्ट्यात मोअर (गवत कापायचं यंत्र) फिरवू नका. जागा असेल तर पट्टा आणखी रुंद ठेवा. पाण्याकडे जायला दीड मीटरची वाट पुरे, पण ती तिरकी काढा. सरळ उताराच्या वाटेचा पावसात ओहोळ होतो.

ढासळलेल्या भागात स्थानिक विलो किंवा रेड ओझिअर डॉगवूड या झुडपांच्या काड्या लावा. बर्फ वितळल्यावर, पालवी फुटण्याआधी, अंगठ्याएवढ्या जाड आणि ६० ते ९० सेंटिमीटर लांब काड्या कापा. बुडाचा काप तिरका, शेंड्याचा सरळ ठेवा, म्हणजे काडी उलटी लागणार नाही. सर्रास होणारी चूक तीच. काड्या दिवसभर पाण्यात भिजवा. पहारीने भोक पाडून तीन-चतुर्थांश काडी जमिनीत घाला आणि माती घट्ट दाबा. आत पोकळी राहिली की फुटलेली मुळं सुकतात. दोन काड्यांत ६० ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवा. बीव्हर आणि हरणं कोंब कुरतडतात, तेव्हा सुरुवातीला जाळी हवीच.

लाटांचा मारा जास्त असेल, तर पायथ्याशी दगड रचावे लागतील. पण हे तळं ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गात येतं. पाण्यातल्या कामाला आधी पार्क्स कॅनडाची (हा जलमार्ग सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची) परवानगी घ्या. आणि घरची बोट? काठापासून ३० मीटरच्या आत ताशी १० किलोमीटरची मर्यादा आहे, पाहुण्यांनाही.

प्रश्न : कॉटेज फक्त उन्हाळ्यात वापरतो. सेप्टिक टाकी कधी उपसायची? बॅक्टेरियाची पावडर टाकून भागेल का?

उत्तर : पावडरने भागत नाही, साचलेला गाळ उपसावाच लागतो. तळाचा गाळ आणि वरची साय मिळून टाकीचा एक-तृतीयांश भाग व्यापला, की उपसायची वेळ झाली. रोजच्या वापरात हे साधारण ३ ते ५ वर्षांनी होतं. तुमच्याकडे उशिरा होईल, पण अंदाजावर न जाता मोजून घ्या. लाँग वीकेंडला पंधरा पाहुणे आणि वॉशिंग मशीन एकाच वेळी चालले, तर गाळ खाली बसायच्या आतच लीचिंग बेडकडे, म्हणजे टाकीतलं सांडपाणी मातीत मुरवणाऱ्या पट्ट्याकडे, ढकलला जातो. कपडे पाहुणे गेल्यावर धुवा. भजी तळून उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. बेडवर गाडी उभी करू नका, झाडं लावू नका. तळ्यात शेवाळ माजवणारा, सांडपाण्यातला फॉस्फरस बराचसा बेडच्या मातीतच अडतो. बेडवरचं गवत एकाच पट्ट्यात जास्त हिरवं दिसलं किंवा पाय चिखलात रुतला, तर नळ बंद ठेवून माणूस बोलवा.