माझ्या खाण्यामुळेच पोरगा असा झाला का?

"पोटात होता तेव्हा मी वाट्टेल ते खाल्लं, म्हणून आज हा असा सुटलाय." हे ऐकवणाऱ्या आया माझ्याकडे सतत येतात. बाप हे वाक्य कधीच म्हणत नाही.

नऊ वर्षांच्या मुलाची ही आईही तेच घेऊन आली होती. गरोदरपणात वजन भरमसाट वाढलेलं, साखरही वाढलेली. "म्हणजे मीच ना?"

खोटा धीर मी देत नाही. आईची वाढलेली साखर वारेतून बाळाला मिळते, त्याचं स्वादुपिंड जादा इन्शुलिन करतं आणि चरबी साठते. उपासमारीचाही परिणाम होतो. नेदरलँड्समधल्या १९४४-४५च्या दुष्काळात ज्यांच्या आया गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात उपाशी राहिल्या, ते मुलगे एकोणिसाव्या वर्षी जास्त प्रमाणात लठ्ठ निघाले. पण हा नुसता कल असतो. जन्मानंतरचं घर त्याला खतपाणी घालतं किंवा आवर घालतं.

मग मी नवऱ्याकडे वळले. "तेव्हा तुमचं वजन किती होतं?"

तो दचकला. "माझं? आत्तापेक्षा जास्तच. पण मला कुणी विचारलंच नाही!"

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि बापाच्या लठ्ठपणाच्या रासायनिक खुणा त्यांच्यात दिसतात. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भरपूर चरबी खाऊ घातलेल्या नर उंदरांच्या लेकींमध्ये इन्शुलिनचं गणित बिघडलेलं आढळलं. त्यांच्या आयांचा आहार मात्र नेहमीचाच होता.

हे ऐकताना ती पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसली. नवरा म्हणाला, "एवढी वर्षं तू एकटीच हे घेऊन बसली होतीस?"

दोष निम्मा-निम्मा वाटून द्यायचा माझा हेतू नव्हता. मी कधीच एकट्या माणसावर काम करत नाही, अख्ख्या घरावर करते, आणि इथे ते फळलं. खरी गोम मुलानेच सांगितली: "आई माझे घास मोजते. मग मी बिस्किटं बाथरूममध्ये नेऊन खातो." तिचा अपराधीपणा रोज त्याच्या ताटावर पहारा देत होता!

मी घास मोजणं थांबवायला लावलं. काय आणि केव्हा वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते मुलाने. स्वयंपाक सगळ्यांना एकच, बापालाही. घरात जे नको ते आणायचंच नाही. आणून लपवणं तर अजिबात नाही. झोपेची वेळ पाळायची. काही महिन्यांत चोरून खाणं थांबलं. वजन फारसं उतरलं नाही, पण उंची वाढत असताना ते जागच्या जागी राहिलं, आणि वाढत्या वयात बहुतेकदा तेवढं पुरतं.

शेवटी तिने दुसऱ्या मुलाचं विचारलं. वजन घटवायची शस्त्रक्रिया झालेल्या आयांवरचे अभ्यास मी तिला सांगितले: शस्त्रक्रियेनंतर झालेल्या मुलांत लठ्ठपणा आधीच्या भावंडांपेक्षा कमी दिसला. आई तीच होती. तेव्हा दोघांनीही किमान तीन महिने आधीपासून खाणं-चालणं सुधारा, तिने साखर तपासून घ्यावी, आणि दिवस राहिल्यावर डाएटच्या नावाखाली उपाशी राहू नये.