फायबर पंचायतीपर्यंत आले, पुढे का सरकत नाही?

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत काही वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून ऑप्टिकल फायबर आले आणि कार्यालयाच्या भिंतीवर पेटी बसली. सुरुवातीला दाखले तिथल्या तिथे मिळत. आता महिन्यातले बरेच दिवस ‘नेट बंद आहे’ एवढेच ऐकायला मिळते. घरी जोडणी मागितली, तर ते काम आमच्याकडे नाही, असे सांगतात. माझी मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि व्याख्यान ऐकण्यासाठी तिला गच्चीच्या ज्या कोपऱ्यात रेंज मिळते तिथे बसावे लागते. मग एवढा खर्च झाला कशासाठी आणि आम्ही कोणाकडे काय मागावे?
*(एक पालक)*

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि तिचे मूळ योजनेच्या पहिल्या आखणीतच सापडते. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. २०१५ मध्ये त्याचेच नाव भारतनेट झाले. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडणे हे त्याचे उद्दिष्ट होते. पंचायतीपर्यंतची वाहिनी सरकार टाकील आणि तिथून पुढे दूरसंचार कंपन्या व स्थानिक केबलचालक घरोघरी जोडण्या देतील, असे त्यात गृहीत धरले होते. पण विखुरलेल्या वस्तीत प्रत्येक घरामागे तार जास्त लागते आणि महिन्याला पैसे भरणारी घरे थोडी असतात, त्यामुळे त्या अखेरच्या टप्प्यात उतरायला फारसे कोणी पुढे आले नाही. आपल्याला मिळालेले ‘आमच्याकडे ते काम नाही’ हे उत्तर, कितीही संताप आणणारे असले तरी, त्या मूळ आखणीला धरूनच आहे.

पेटी वारंवार बंद का पडते, याचे कारण जमिनीखाली आहे. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेले फायबर बहुतांशी एका रेषेत गावोगाव नेले गेले. रस्ता रुंद करताना किंवा नळपाणी योजनेचा चर खोदताना जेसीबीचा दात एका जागी लागला, की त्यापुढची सगळी गावे एकदम बंद पडतात. तुटलेले फायबर तांब्याच्या तारेसारखे पीळ देऊन जोडता येत नाही. केसाएवढ्या काचेच्या तंतूंची टोके यंत्राने वितळवून जुळवावी लागतात, आणि ते यंत्र व ते चालवणारा माणूस बहुधा तालुक्यालाच असतो. तार टाकण्यासाठी निधी मिळाला, उद्घाटने झाली. दुरुस्तीचा माणूस मात्र कोणाच्या हिशेबात ठळकपणे नव्हता. माझ्या मते योजनेची सर्वांत मोठी चूक हीच होती.

म्हणून ग्रामसभेत बोलण्यापूर्वी आपण स्वतः ती पेटी पाहून यावी. तिच्यावर एकही दिवा लागलेला नसेल, तर दोष बहुधा विजेचा किंवा बॅटरीचा आहे आणि तो पंचायतीच्या पातळीवर सुटू शकतो. इतर दिवे चालू असून ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल, तर फायबरमधून माहिती घेऊन येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे बहुधा तार कुठेतरी तुटली आहे. सगळे दिवे नीट असूनही नेट चालत नसेल, तर बिघाड वरच्या यंत्रणेत किंवा कार्यालयातल्या राउटरमध्ये शोधावा लागेल. ‘नेट बंद आहे’ या तीन शब्दांखाली या तिन्ही गोष्टी झाकल्या जातात आणि दुरुस्ती लांबते. तक्रार कोणत्या तारखेला नोंदवली, तिचा क्रमांक काय आणि वर्षभरात जोडणी किती दिवस बंद होती, हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारून उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. उत्तर टाळले गेले, तर माहितीचा अधिकार आहेच.

घरच्या जोडणीबाबत आता मागणीला आधार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटला मंजुरी दिली. त्यात फायबर रेषेऐवजी वर्तुळात जोडायचे आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालू राहील. दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच आहे, आणि घरोघरी जोडण्या देण्यासाठी स्थानिक उद्योजकांना उत्पन्नात वाटा ठेवला आहे. ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेली गावेही मागणीनुसार जोडायची आहेत. ‘मागणीनुसार’ हा शब्द नीट लक्षात घ्यावा, कारण जिथून मागणी लेखी आलीच नाही, ते गाव मागे राहू शकते. शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि जोडणी घ्यायला तयार असलेली घरे यांची यादी ठरावाला जोडून पाठवावी. या योजनेचा पैसा ज्या निधीतून येतो, तो पूर्वी सार्वत्रिक सेवा दायित्व निधी या नावाने ओळखला जाई, आता तो डिजिटल भारत निधी आहे, आणि तो दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारणीतून जमतो. म्हणजे आपल्या रिचार्जचा अंशही त्यात आहे. तेव्हा मागताना संकोच बाळगू नये.

गावात खोदकाम निघाले, तर कंत्राटदाराने ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपवर आधी सूचना दिली आहे का, हेही विचारावे. मार्च २०२३ मध्ये ते याच कामासाठी सुरू झाले.

प्रश्न : आता उपग्रहावरून इंटरनेट येणार आहे. मग फायबरचा खटाटोप कशाला?
*(एक महाविद्यालयीन विद्यार्थी)*

उत्तर : डोंगरातल्या पाड्यावर किंवा बेटावर उपग्रह उपयोगी आहे, आणि काही दुर्गम ग्रामपंचायती भारतनेटनेही तसेच जोडल्या आहेत. पण उपग्रहाची क्षमता त्याच्या झोताखालच्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. संध्याकाळी सगळी वस्ती एकाच वेळी व्हिडिओ पाहू लागली की वेग उतरतो. फायबरमध्ये तीच तार ठेवून दोन्ही टोकांची यंत्रे बदलली तरी क्षमता अनेक पटींनी वाढते. शिवाय गावातला मोबाइल टॉवरही फायबरला जोडला, तर रेंज असूनही नेट रेंगाळण्याचा त्रास कमी होतो, आणि पहिल्या पत्रातल्या मुलीला गच्चीवरून खाली येऊन अभ्यास करता येईल.