जुन्या स्कॉट्समधले ‘संक्षेप’ पाठ करू नका

स्कॉट्स ही स्कॉटलंडमधली, इंग्रजीच्या नात्यातली भाषा. त्या भाषेत लिहिणाऱ्या रॉबर्ट बर्न्स या कवीच्या कवितांत ‘ऑ’ (सगळं), ‘फू’ (भरलेला) अशा शब्दांच्या शेपटाला अ‍ॅपॉस्ट्रॉफी दिसते, म्हणजे ’ हे चिन्ह. तिथे गळलेलं अक्षर कोणतं आणि हे संक्षेप लक्षात कसे ठेवायचे, असं तुम्ही विचारलंय. पाठ करत बसू नका. यातले बरेचसे संक्षेप नाहीतच.

‘ऑल’, ‘फुल’मधला ल स्कॉटलंडात पंधराव्या शतकातच बोलण्यातून गेला होता. पुढे अठराव्या शतकात इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठी तिथे चिन्ह ठोकलं गेलं, जणू स्कॉट्स म्हणजे अक्षरं खाल्लेली इंग्रजी! अभ्यासक याला ‘दिलगिरीची अ‍ॅपॉस्ट्रॉफी’ म्हणतात. आपण ‘करतो आहे’चं ‘करतोय’ करताना कुठे माफी मागतो? १९४७ साली एडिंबरोच्या मकार्स क्लबने (‘मकार’ म्हणजे कवी) स्कॉट्स लेखनाचे नियम ठरवले, तेव्हा या चिन्हांना नारळ दिला.

ल गळण्याच्या भानगडीत फॉलकर्क गावाची गंमत झाली. स्कॉट्समधलं जुनं नाव ‘फॉ कर्क’, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचं चर्च. लिहिणाऱ्यांना वाटलं, इथलाही ल गळलाय. त्यांनी तो घातला आणि कधीच नसलेला ल नकाशावर जाऊन बसला. ल-सारखाच व्हही बोलण्यातून गळला: ‘हॅव्ह’चं हे, ‘गिव्ह’चं गी, ‘सिल्व्हर’चं सिलर. हे झिजलेले शब्द आहेत, मुद्दाम आखूड केलेले नव्हेत.

खरी जोडतोड बघायची तर ‘द टेन’ घ्या, म्हणजे ‘दोघांतला एक’. मुळात ‘दॅट एन’. बोलता बोलता त्यातला ट पुढच्या शब्दाला चिकटला आणि ‘द टेन’ झालं. ‘द टिदर’ (दुसरा) याच वाटेने आला. नववर्षाच्या स्वागताला गातात त्या बर्न्सच्या ‘ऑल्ड लँग साइन’ गाण्यातला ‘साइन’ हासुद्धा ‘सिदन’ (त्यानंतर) या जुन्या शब्दाचा आक्रसलेला अवतार. उच्चार साइनच, झाइन नव्हे. एकतीस डिसेंबरला निम्मं जग तो चुकीचा गातं.

ठरीव शब्दप्रयोग मात्र अक्षरं जुळवून उलगडत नाहीत, त्यामागचा व्यवहार माहीत लागतो. ‘पुट टु द हॉर्न’ म्हणजे कोर्टाचा आदेश न पाळणाऱ्याला, बहुधा कर्जबुडव्याला, बंडखोर जाहीर करणं. राजाचा माणूस मर्कॅट क्रॉसपाशी, म्हणजे भरबाजारात, तीनदा शिंग फुंकायचा. ‘आर्ट अँड पार्ट’ (गुन्ह्यात सामील) तर तिथल्या कायद्यात आजही चालतं.

१७०० पूर्वीचा मजकूर वाचणार असाल तर आणखी एक: ‘क्यू-यू-एच’ने सुरू होणारा शब्द दिसला की तिथे ‘डब्ल्यू-एच’ आहे असं समजून वाचा. निम्मे अनोळखी शब्द तिथेच ओळखीचे निघतात.