एक्सपी चालू होत नाही आणि लाइव्ह सीडीही लोगोवर अडकते? हार्डडिस्क काढून बघा

म्हणजे थोडक्यात परिस्थिती अशी की काकांचा जुना असेंबल्ड पीसी, पेंटियम ४, इंटेल ८४५ चिपसेट, ५१२ एमबी रॅम. विंडोज एक्सपी निळी स्क्रीन दाखवून परत परत रिस्टार्ट होतंय, म्हणून फोटो काढून घ्यायला तुम्ही लिनक्स मिंट १९.३ ची ३२ बिट डीव्हीडी लावलीत (इन्स्टॉल न करता थेट डिस्कवरून चालणारी, लाइव्ह सीडी म्हणायचं आपलं सवयीने) आणि ती लोगोवर तासभर तशीच. रॅम कमी आहे हे खरंच, मिंटला किमान १ जीबी तरी लागते. पण जुनी डीडीआर शोधत लगेच बाजारात धावू नका, कारण मला इथे वेगळाच वास येतोय. एक्सपीही उठत नाही आणि लाइव्ह सीडीही अडकते, दोन्हीचं कारण एकच असू शकतं ना.

लाइव्ह सीडी हार्डडिस्कवर काही लिहीत नसली तरी सुरू होताना मशीनला जे जे जोडलंय ते सगळं चाचपून बघते, आणि डिस्क मरायला टेकलेली असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) तिला विचारतो, उत्तराची वाट बघतो, रिसेट करतो, परत विचारतो. हे सगळं त्या लोगोच्या मागे चाललेलं असतं, आपल्याला वाटतं हँग झालं.

म्हणून पहिलं काम, तो लोगो बाजूला करा. मिंटचं काउंटडाउन चालू असताना कुठलीही की दाबा, मेनू येईल, पहिल्या ओळीवर टॅब दाबा, खाली लांबलचक ओळ दिसेल, तिच्यातले शेवटाकडचे क्वायट (quiet) आणि स्प्लॅश (splash) हे दोन शब्द खोडून एंटर मारा. आता धडाधड मेसेज पळतील आणि कुठेतरी थांबतील, त्या शेवटच्या ओळींचा मोबाइलवर फोटो काढा. तिथे अडकलं की कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो म्हणजे कर्नल जिवंत आहे, कशाची तरी वाट बघतोय. दिवा ढिम्म हलत नाही तर खरंच हँग. आणि दिवे आपोआप लुकलुकत असतील तर कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलनेच हात टेकले, तिथे थांबून उपयोग नाही.

ओळींमध्ये एटीए (ata), एसडीए (sda) आणि एरर (error) असं वारंवार दिसलं की संशय हार्डडिस्कवर (किंवा केबलवर). पीसी बंद, प्लग काढा, डिस्कची आयडीई केबल (ती रुंद चपटी पट्टी) आणि पॉवर दोन्ही काढा, परत डीव्हीडी लावा. डीव्हीडी ड्राइव्ह त्याच केबलवर स्लेव्ह (दुय्यम) असेल तर जंपर (ड्राइव्हच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर (मुख्य) घ्या आणि केबलचं टोकाचं कनेक्टर त्याला लावा, नाहीतर बायोसला (पीसी चालू होताना आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्राम) ड्राइव्ह दिसणारच नाही असंही होतं.

एसआर० (sr0) किंवा स्क्वॉशएफएसची (squashfs) एरर असेल तर डीव्हीडी नाहीतर ड्राइव्ह. तीच डीव्हीडी दुसऱ्या मशीनवर लावून बघा, मिंटच्या मेनूत इंटिग्रिटी चेक पण आहे. दुसरीकडे नीट चालली तर तुमच्या ड्राइव्हची लेन्स धुळीने भरलीय, असे ड्राइव्ह घूंऽऽ करून फिरतात, थांबतात, परत फिरतात, तो आवाज लगेच ओळखू येतो.

आणि एफडी० (fd0, म्हणजे फ्लॉपी) दिसलं तर हसू नका, हे जुन्या पीसीवर खूप होतं. फ्लॉपी ड्राइव्ह कधीच काढून टाकलेला असतो पण बायोसमध्ये १.४४ एमबी तसंच सेट असतं, मग कर्नल नसलेल्या फ्लॉपीची वाट बघत बसतो. बायोसमध्ये पहिल्याच पानावर ड्राइव्ह ए ला नन (None) करा.

यातलं काहीच नसेल आणि स्क्रीन काळी होऊन थांबत असेल तर त्याच ओळीच्या शेवटी नोमोडसेट टाका (इंग्रजीत, स्मॉल अक्षरात, एक शब्द: nomodeset), कारण ८४५ च्या ग्राफिक्सचं नवीन कर्नलशी फारसं पटत नाही. त्यानेही नाही झालं तर ते काढून नोएपिक (noapic), मग तेही काढून एसीपीआय=ऑफ (acpi=off). एका वेळी एकच, सगळे एकदम टाकलेत तर कशाने चाललं ते कळणार नाही. ३२-६४ बिटचं टेन्शन घेऊ नका, तिथे चूक असती तर कर्नलने सुरुवातीलाच स्पष्ट सांगून नकार दिला असता.

हार्डडिस्क काढल्यावर लाइव्ह सीडी पुढे सरकली तर मात्र त्या डिस्कला आता परत परत चालू-बंद करू नका आणि चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) तर अजिबात चालवू नका, मरती डिस्क त्याने अजून मरते. आयडीई टू यूएसबी ॲडॉप्टर घ्या, डिस्क चांगल्या लिनक्स मशीनला लावा आणि डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कमधून डेटा वाचवणारा प्रोग्राम) आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या, फोटो त्या इमेजमधून काढा. आणि डिस्क ठीक निघाली, नुसती रॅमच अपुरी पडत होती असं झालं, तर मिंटचा नाद सोडून पपी लिनक्सची (हलकंफुलकं लिनक्स) ३२ बिट सीडी बर्न करा, ५१२ एमबीत आरामात चालते, फोटो पेनड्राइव्हवर कॉपी करायला तेवढं पुरतं. फक्त पेनड्राइव्ह मागच्या पोर्टला लावा, जुन्या कॅबिनेटची पुढची यूएसबी पोर्ट बऱ्याचदा नीट जोडलेलीच नसतात.